भाड्याच्या पेटीतलं कुंकू

जिंतूर तालुक्यातल्या मेलेल्या निम्म्याअर्ध्या बाप्यांनी माझ्या नवऱ्याचा लग्नातला कोट घातलेला आहे. थट्टा नाही, आमचा धंदाच तो आहे. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेरा नवरा सांभाळतो, कॉम्प्युटर मी. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो सगळे करतात तसे आम्हीही करतो. पण बारा महिने न आटणारं काम म्हणजे भिंतीवरचा मोठा फोटो. घरातलं माणूस गेलं की दोनेक दिवसांनी घरच्यांना आठवतं, याचा धड एक फोटो नाही. मग आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन येतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो, त्यात मागच्या रांगेत मान वाकडी करून उभा असलेला तो. मी ती मान कापते, सरळ करते, डोळे उजळते, मागं निळा पडदा टाकते आणि अंगात कोट घालते. नवऱ्याला आता तो कोट होत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांना होतो.

बायकांच्या फोटोचे कायदे वेगळे. ते कुणी लिहून दिलेले नाहीत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघितलं तरी कळतात. सवाष्ण गेलेली असली की कपाळभर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र ठसठशीत, लुगडं हिरवं असलं तर सोन्याहून पिवळं. नवरा आधी गेलेला असला की कपाळ मोकळं. आता विधवा बाईचा असेल-नसेल तो फोटो बहुतेक वेळा नवरा जिवंत असतानाचाच असतो, कारण त्यानंतर तिला फोटोत उभं कोण करतंय? लग्नकार्यात ती मागं चुलीपाशी. म्हणून जुन्या फोटोतलं कुंकू मला पुसावं लागतं. बाजूची कातडी उचलायची, कुंकवावर टाकायची, कडा मऊ करायच्या, झालं. पहिल्या पहिल्यांदा हात अडायचा. नंतर मी एकीकडं चहा पीत पुसायला लागले.

लावायचं कुंकूही मी तयार करून ठेवलेलं आहे. आधी पांढऱ्या कागदावर कुंकू लावून फोटो काढून बघितला, तो रंगाच्या डागासारखा दिसला. मग स्वतःच्या कपाळावर लावून नवऱ्याकडून जवळून फोटो काढून घेतला आणि तेवढंच कापून ठेवलं. या भागातल्या कितीतरी भिंतींवर माझं कुंकू आहे. नवरा म्हणतो, माझं आयुष्य तूच वाढवलंस. असल्या विनोदावर मी हसत नाही.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर मी करायचे ते पहिल्यांदा आमच्याकडं कसं आलं हे कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. कॉम्प्युटर विकणाऱ्यानं ते आत टाकूनच दिलं होतं, भाजीवाली वरून कोथिंबीर टाकते तसं. त्यावर मी काम शिकले, त्यावरच हात बसला. मग तो कॉम्प्युटर जळाला. नव्यात जुनं काही चालेना. दुकानदार म्हणाला, आता ते विकत मिळतच नाही, महिन्याच्या महिन्याला भरायचं आणि वापरायचं. नवऱ्यानं कार्डाचा नंबर टाकला. त्याला लय अभिमान, आपण अस्सल वापरायलोय म्हणून. मी त्याला तेव्हापासून भाड्याचं म्हणायला लागले.

भाडं देण्यात मला कमीपणा वाटला नाही. आमचं दुकानही भाड्याचंच आहे. पण दुकानमालक भाडं थकलं तर चार दिवस थांबतो, दारात येऊन बोलतो, फार तर फार शिव्या देतो. आणि आतलं सामान माझंच राहतं. इथं सामानही त्याच्या कुलपात. मी माझ्या हातानं केलेलं, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये पडलेलं, आणि ते उघडून बघायला दुसऱ्याची परवानगी. हे मी नवऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, तू उगं खोड काढू नको.

ती बाई आली तेव्हा हे भाडं सुरळीत चालू होतं.

झरीच्या अलीकडं रस्त्यावरून आत एक गाव आहे, तिथली. सकाळच्या एसटीनं आली. हातात नायलॉनची पिशवी, अंगावर धुऊन धुऊन विटलेलं पांढरट लुगडं. सत्तरीच्या पुढची असावी, पण पाठ ताठ. कुणाचा फोटो करायचाय विचारलं तर म्हणाली, माझाच. मला वाटलं, एखाद्या सरकारी कागदासाठी लागत असेल. तर तसं नव्हतं. तिला भिंतीवरचा मोठाच पाहिजे होता, आणि तो ती जिवंत असतानाच करून ठेवायचा होता. मागाहून पोरं काहीबाही कापून चिकटवतात, ते तिला पटत नव्हतं. नवऱ्यानं तिला स्टुलावर बसवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कॅमेऱ्याकडं असं बघितलं की जसं काही तो तिचं देणं लागतो. नवऱ्यानं दोन-तीन काढले, आणि तो चहा सांगायला म्हणून बाहेर गेला.

तो गेलेला बघून ती उठली आणि माझ्या टेबलापाशी आली. कॉम्प्युटरला ती पेटी म्हणायची. आवाज एकदम खाली आणून तिनं विचारलं, त्या पेटीत कपाळावर कुकू लावता येतंय का. मी म्हटलं, लावते की मावशी, त्यात काय, आणि माझं तयार कुंकू काढलंसुद्धा. मालक काय करतात, असं सहज विचारलं. ती म्हणाली, लय वर्सं झाली जाऊन. पोरगं रांगत होतं तवा.

माझा हात माउसवरच राहिला. मी तिच्याकडं बघितलं. तिनं काही मान खाली घातली नाही.

"त्येनं मला कुकवाबिगर कदी बघितलंच न्हाई, माय. उद्या त्येच्या शेजारी मला टांगत्याल. त्यो वळखायचा कसा?"

इतकी वर्षं मी माणसांना भिंतीवर चढवते आहे, पण भिंतीवरची माणसं एकमेकांकडं बघत असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी तिला एवढंच म्हटलं, की मग खरंच लावा कपाळावर, फोटो परत काढू, जास्त चांगला येईल. तर तिनं दोन्ही कानांना हात लावले. अंगावर न्हाई, अंगावर लावायचं म्हंजे पाप, पेटीत लावा. तिचा हिशेब पक्का होता. मी माझं तयार कुंकू तिच्या कपाळावर ठेवलं तर तिनं तोंड वाकडं केलं. आसलं टिकलीवानी न्हाई. मग तिनं अंगठा दाखवला, एवढं पाहिजे. आधी मेण, वर कुंकू, अशी पद्धत होती तिची. आरसा घरात नव्हता, त्यामुळं ते जरा डावीकडं जायचं. तेही तिला तसंच पाहिजे होतं. काचेवर बोट टेकवून तिनं जागा दाखवली. मी नवं कुंकू हातानं काढायला घेतलं. कड सारखी आली की ती म्हणायची, इतकी गोल न्हाई. मला राग यायला लागला होता, पण तो चांगला राग होता, काम नीट व्हावं म्हणून येतो तसा.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या कामात एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर असतात. माणूस एका थरावर, पडदा दुसऱ्या, कुंकू तिसऱ्या. प्रत्येक थरापुढं एक बारका डोळा काढलेला असतो. डोळा उघडा असला की थर दिसतो, मिटला की दिसत नाही. पण मिटला म्हणून जात नाही, असतो तिथंच.

कुंकू झाल्यावर ती बराच वेळ काचेकडं बघत उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यात मला लग्न होऊन आलेली पोरगी दिसली, खोटं कशाला सांगू. आता छापू नका, म्हणाली. घरात सापडला तर कालवा होईल. पेटीतच ठेवा, माझं झालं की पोरगा येऊन न्हेईल. आणि जाता जाता बजावलं, की मी तुमाला काय बोलले ते त्येला सांगू नका. त्येला बाप आठवत न्हाई, उगं जिवाला लावून घील. पिशवीतून भुईमुगाच्या ओल्या शेंगा काढून तिनं टेबलावर ठेवल्या आणि परतीच्या एसटीला गेली. शेंगा गोड होत्या.

आठ-पंधरा दिवसांत तिचा पोरगा आला. पोरगा म्हणायचं, पन्नाशीला टेकलेला गडी. आईनं फोटो काढून ठेवलाय असं त्याला घरी कळलं होतं, जिंतूरला बाजाराला आलो होतो म्हणून बघून जावं म्हटलं, असं तो म्हणाला. मी दाखवला. तो बघतच राहिला, पण त्याचं बघणं आईसारखं नव्हतं. कान लाल झाले. तो चांगला माणूस आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोकांना असल्या गोष्टीत एक वाईट माणूस लागतो. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, ताई, आमची भावकी मोठी. माझ्या आईनं सगळा जन्म कुणाला बोट उचलू न देता काढला. तिच्याबद्दल कुणी एक शब्द वावगा बोललेला नाही. आता ती मेल्यावर लोक फोटोकडं बघून हसतील, म्हातारीला हौस आली म्हणतील. मला ते सोसायचं न्हाई. पुसा ते.

त्याचं काही चूक नव्हतं. पण इतकी कुंकवं पुसलेली मी, त्या दिवशी मात्र माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, पुसणार नाही. ते तुमच्या आईनं माझ्याकडून काढून घेतलंय, ते तिचं आहे. बंद करते. आणि त्याच्यासमोर त्या थराचा डोळा मिटवला. कपाळ मोकळं झालं. त्याचं समाधान झालं. असाच छापा, वेळ येईल तेव्हा, म्हणाला. जाताना दारात थांबून एकदा मागं बघितलं. मी ते थर एका गठ्ठ्यात बांधले आणि साठवून ठेवले.

पुढं भाड्याचा घोळ झाला. बँकेनं कार्ड बदलून दिलं. नवं कार्ड ते सॉफ्टवेअर घेईना. नवऱ्यानं नंबर पुन्हा पुन्हा टाकला, मोबाईलवर आकडे येत, ते टाकेपर्यंत त्यांची मुदत संपे. मदतीच्या नंबरावर फोन केला तर एक बाई इंग्रजीत बोलत राहिली, आणि ती खरी बाईही नव्हती. मग एका सकाळी कॉम्प्युटर लावला तर सूचना, की तुमची मुदत संपली. मागं सगळी चित्रं, पुढं कुलूप. मी त्या काचेला चार शिव्या दिल्या. त्या छापण्यासारख्या नाहीत.

परभणीला आमचे मोठे प्रिंट निघतात, त्या लॅबवाल्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि हसला. तोही यातूनच गेला होता. त्यानं सांगितलं, आता पर्याय लय झालेत. एक तर पूर्ण फुकट आहे, जगभरातली माणसं मिळून तयार करतात, कुणाचं कुलूप नाही. दुसरं एकदा विकत घेतलं की झालं, पुन्हा कुणी दारात येत नाही. आधी फुकटचं बघा, म्हणाला. फुकटचं म्हटल्यावर नवऱ्याच्या कपाळावर आठी. फुकटच्या वस्तूत काहीतरी गोम असते, असं त्याचं मत. मी म्हटलं, पहिलं आणलं होतं तेव्हा कुठं गेलं होतं हे मत? पण घ्यायचं का नाही हे तसंच लोंबकळत राहिलं. मुहूर्त नव्हते, काम मंदीत होतं. पासपोर्ट फोटो जुन्या बारक्या सॉफ्टवेअरवर निघत होते. कार्डाचं होईल आज-उद्या, असं नवरा रोज म्हणायचा.

त्यातच एक दिवस सकाळी तिच्या पोराचा फोन आला. आई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही. दहाव्याला फोटो पाहिजे, तुमच्याकडं आहे तो.

आमच्याकडं होता, पण कुलपात. मूळ फोटो वेगळा ठेवला नव्हता, कॅमेऱ्यातलं कार्ड केव्हाच पुसून त्यावर कुणाकुणाची लग्नं निघाली होती. तिचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, ज्यात कुठलंच माणूस माणसासारखं दिसत नाही. पुरती अडकले होते. नवरा म्हणाला, बँकेत जातो, काहीतरी करून भाडं भरतो. बँकेला नेमकी जोडून सुट्टी. मला त्या बाईचं बोट आठवायला लागलं, काचेवर टेकवलेलं. तिनं माझ्या पेटीवर भरवसा ठेवला होता आणि पेटी माझी नव्हतीच. इतकी शरम मला गिऱ्हाइकापुढं कधी वाटली नव्हती, आणि गिऱ्हाईक तर मेलेलं.

मी लॅबवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, ते फुकटचं कसं घ्यायचं सांगा, आत्ताच्या आत्ता. त्यानं सांगितलं तसं केलं. आलं, बसलं, उघडलं. आणि मी वेडी व्हायची बाकी राहिले. नव्या सासरी पहिल्या दिवशी मिठाचा डबा सापडत नाही तशी गत. एरवी डोळे झाकून दाबायची ती कळ दाबावी तर भलतंच व्हावं. कापायचं हत्यार डावीकडं होतं ते नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. नवरा मागं उभा राहून म्हणे, बघ, गोम. मी त्याला बाहेर घालवलं.

मोठी भीती अशी की भाड्याच्या सॉफ्टवेअरनं बांधलेली फाईल हे फुकटचं उघडेल का. लॅबवाला म्हणाला होता, बहुतेक उघडतं, थोडं इकडंतिकडं होतं. मी फाईल त्यावर नेऊन टाकली. बराच वेळ नुसती पट्टी सरकत राहिली. मग ती आली.

आली ती सगळीच आली. मी बांधलेला गठ्ठा त्याला कळला नव्हता. त्यानं गाठ सोडून सगळे थर मांडले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. मागचा पडदा, त्याच्याआधी लावून बघितलेला दुसरा पडदा, मापासाठी मारलेल्या रेघा, माझं तयार कुंकू जे तिनं नाकारलं होतं, आणि त्याच्यावर तिनं सांगितलेलं, अंगठ्याएवढं, डावीकडं सरकलेलं. सगळा पसारा एकदम अंगावर आला. पण त्या पसाऱ्यातून ती बघत होती, तसंच, देणं मागितल्यासारखं. मला रडू आलं. फाईल उघडली म्हणून आलं, का ती गेली म्हणून, ते मला सांगता यायचं नाही.

मी वरून एकेक मिटवत आले. रेघा मिटवल्या. दुसरा पडदा मिटवला. माझं बारकं कुंकू मिटवलं. मग ते मोठं राहिलं. त्याच्या डोळ्यावर बाण नेला आणि थांबले. एक टिचकी मारायची होती. पोराला तसा शब्द दिला होता. तिला मात्र मी कसलाच शब्द दिला नव्हता, नुसत्या शेंगा खाल्ल्या होत्या. मी बाण उचलला आणि फाईल तशीच परभणीला पाठवून दिली.

मोठा प्रिंट लॅबवाले पुठ्ठ्यात बांधून एसटीच्या कंडक्टरकडं देतात, आम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घेतो. नवऱ्यानं आणला, फ्रेम केली, आणि फ्रेम करता करता त्याच्या लक्षात आलं, पोरानं बंद करायला लावलेलं कुंकू तसंच आहे. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, काच नीट पुसा.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पोरगा आला. मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. नवऱ्यानं फ्रेम समोर धरली. तो बघत राहिला, मग त्यानं हात लांब करून कपाळावर काचेवरून बोट फिरवलं, पुसलं जातंय का बघावं तसं. नवऱ्यानं घाईघाईनं सुरू केलं, की जुनं बंद पडलं, हे नवीन सॉफ्टवेअर हाय, फुकटचं हाय, त्याला बंद केलेलं कळत न्हाई, त्यानं आपोआप उघडं केलं. हे सगळं खरंच होतं. मी तेवढ्यावर सुटले असते.

"सॉफ्टवेअरनं उघडं केलं," मी म्हटलं. "मी बंद केलं नाही."

त्यानं विचारलं, का. मी म्हटलं, तुमच्या आईला तसं पाहिजे होतं. का पाहिजे होतं ते सांगायला तिनं मना केलंय. तुम्ही म्हणाल तर आत्ता मोकळं करून इथल्या बारक्या मशीनवर छापून देते, आकार लहान येईल. मोठं पाहिजे तर पुन्हा परभणीला पाठवावं लागेल, ते उद्याच्या आत यायचं नाही. मी हे सरळ आवाजात बोलले. त्याचा मोबाईल वाजत होता. गावाकडं पाहुणे जमलेले होते. त्यानं तो उचलला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, फ्रेमवर गुंडाळला आणि ती काखेत धरून निघून गेला.

नवऱ्यानं मग मला जे सुनावायचं ते सुनावलं. झरीकडचं गिऱ्हाईक तुटलं समज, लोकांच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं, आपण फोटोवाले. त्याचं बोलणं मला खोडता येईना. मलाही भीती होतीच. त्या माणसानं फ्रेम भिंतीवर लावली, का उलटी करून माळ्यावर टाकली, आणि टाकली असेल तर ते माझ्यामुळं. दहाव्याला तिचा फोटोच नाही असं झालं असेल का? पुढं कितीतरी दिवस त्या बाजूची एसटी लागली की मी दुकानातून बाहेर बघायचे. कोण उतरतंय म्हणून.

त्या दिवसांत मी नव्या सॉफ्टवेअरवर हात बसवून घेतला. कार्डाचं काम झालं तरी भाडं पुन्हा चालू करू दिलं नाही. एक महिना तेवढा भरला, जुन्या फायली एकेक उघडून मोकळ्या करून घेतल्या, मग ते काढून टाकलं. लॅबवाल्यानं सांगितलेलं दुसरं, एकदाच विकत घ्यायचं, तेही पुढं घेतलं, अल्बमसाठी. नवरा आता लोकांना सांगतो की ही आयडिया त्याची. सांगू दे.

महिन्याचं झाल्यावर तो आला. मोटारसायकल उभी केली, आत आला, स्टुलावर बसला. आई बसली होती तेच स्टूल. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो काढला. कडा कुरतडलेल्या, रंग उडालेला, पटका बांधलेला एक जवान पोरगा, मिशा जेमतेम. हा माझा बाप, म्हणाला. आईच्या फ्रेमएवढा मोठा करायचा, शेजारी लावायला. आतापर्यंत बापाचा हा एवढासाच होता, देव्हाऱ्यावर टांगलेला.

मी म्हटलं, करते. फोटो हातात घेतला. हा आता त्याच्या पोरापेक्षा कितीतरी लहान होता. कोट घालायचा का, नवऱ्यानं सवयीनं विचारलं. तो नको म्हणाला, हाय तसाच ऱ्हाऊ द्या. मग त्यानं कॉम्प्युटरकडं बघत विचारलं, हे आता तुमच्याकडं ऱ्हातंय ना, मागल्यावानी बंद पडायचं न्हाई ना. मी सांगितलं, नाही, हे भाड्याचं नाही. त्यानं मान हलवली.

फ्रेमचं काय झालं ते मला विचारायचं होतं. शेवटी त्यानंच सांगितलं. फ्रेम घरी नेली तेव्हा चुलते जमलेले होते. एक-दोघं कुजबुजले. हा तर ती आत घेऊन चालला होता, झाकून ठेवायला. तेवढ्यात त्याची आत्या, बापाची सख्खी बहीण, डोळ्यानं अधू झालेली, तिनं ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि अगदी नाकाजवळ धरून बघितली. तिच्यापुढं मग कोण बोलतंय. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, टेबलावरच्या बापाच्या फोटोकडं बघत होता.

"आत्या म्हणाली, बरं झालं बाई. आता दादा वळखंल हिला."

ती असं का म्हणाली ते कळलं न्हाई, म्हातारी झाली आता, असं तो म्हणाला. मी स्कॅनरचं झाकण उघडलं आणि त्याचा बाप काचेवर पालथा ठेवला.